कोर्टसी कारची सिस्टीम – अकरा महिने रोज वापरल्यावर

मी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममधे एका कार डीलरशिपच्या सर्व्हिस डेस्कवर आहे, मूळची नाशिकची. कस्टमरची गाडी वर्कशॉपमधे अडकली की त्याला तेवढ्यापुरती वापरायला जी गाडी देतात ना, कोर्टसी कार, तशा ३१ गाड्या माझ्याकडे असतात. फेब्रुवारी २०२५ मधे गाडी बनवणाऱ्या कंपनीने डीलरना नवीन सिस्टीम घ्यायला लावली, डीलरच्या करारातच ते आलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला मी आधी तीच उघडते. कंपनीचं आणि सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाहीये, अजून तिथेच नोकरी करतेय. आपल्याकडे जास्त करून पिक-अप ड्रॉप असतं, ड्रायव्हर घरून गाडी नेतो आणि काम झालं की आणून लावतो, त्यामुळे हा प्रकार बऱ्याच जणांनी बघितलेला नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधीची पद्धत अशी होती. भिंतीवर पांढरा बोर्ड, त्यावर गाड्यांचे नंबर आणि समोर मार्करने कस्टमरचं आडनाव. किल्ल्यांचं कपाट. लायसन्सची झेरॉक्स. आणि एक कागद ज्यावर गाडीचं चारी बाजूंनी चित्र छापलेलं असायचं, ओरखडा असेल तिथे पेनाने फुली मारायची आणि कस्टमरची सही घ्यायची. पावसात बाहेर उभं राहून, एका हातात छत्री धरून या फुल्या मारल्यात मी सहा वर्षं. बोर्डावर फक्त तारीख असायची. वेळ कोणी लिहीत नव्हतं, लिहायला हवी असं कोणाला वाटलंही नाही, मलासुद्धा नाही, आणि सगळी गोम तिथेच होती, पुढे सांगते.

नवीन सिस्टीम तीन गोष्टी एकत्र बांधते. एक म्हणजे खुद्द गाडी. आमच्या सगळ्या कोर्टसी गाड्यांना कंपनीतूनच सिम बसवून येतं. (२०१८ च्या मार्चअखेरपासून इथे नव्याने मंजूर होणाऱ्या मॉडेलना ई-कॉल सक्तीचं झालं, मोठा अपघात झाला की गाडी स्वतःच इमर्जन्सी नंबरला फोन लावते, आणि गाडीत सिम असणं तेव्हापासून नेहमीचंच झालं.) त्या सिमवरून किलोमीटर, म्हणजे इथे मैल, टाकीत पेट्रोल किती, बॅटरी किती टक्के, दारं लॉक आहेत का, डॅशबोर्डवर कुठला दिवा लागलाय, हे सगळं माझ्या स्क्रीनवर येतं. आधी काही गाड्यांना बाहेरून बसवलेले ट्रॅकर होते, ते जुन्या नेटवर्कवर चालायचे आणि इथल्या मोबाइल कंपन्यांनी थ्रीजी बंद करायला घेतलं तसे एकेक करून गप्प झाले, त्यामुळे कंपनीतून येणारं सिम हा मला खरंच मोठा फायदा वाटतो. दुसरं, वर्कशॉपची डायरी. कुठल्या गाडीचं काम कधी सुरू झालं, पार्ट आला का, काम संपलं का. आणि तिसरं, कस्टमरचा फोन. त्याला आदल्या दिवशी लिंक जाते, त्यात तो लायसन्सची माहिती भरतो, बोटाने सही करतो, आणि गाडी घेताना फोटो काढतो.

लायसन्स चेकबद्दल थोडं. इथे २०१५ च्या जूनमधे लायसन्ससोबतचा कागदी भाग रद्द झाला, त्यामुळे वाहतुकीचे नियम मोडल्याबद्दल कोणाच्या लायसन्सवर किती पॉइंट पडलेत हे कार्ड बघून कळत नाही. ड्रायव्हरने डीव्हीएलएच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या इथल्या सरकारी खात्याच्या, साइटवर जाऊन स्वतः कोड काढायचा, तो २१ दिवस चालतो, आणि आम्ही तो कोड आणि लायसन्स नंबरची शेवटची आठ अक्षरं टाकून बघायचं. पूर्वी कस्टमर डेस्कसमोर उभा राहून हे सगळं करायचा, त्यासाठी लागणारा नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, आठवत नाही म्हणून घरी बायकोला फोन लावायचा, मागे सहा जणांची रांग. आता बहुतेक लोक घरूनच करून येतात. सकाळी आठ ते नऊ हा तास आमच्या डेस्कवर आरडाओरड्याचा असायचा तो बराच शांत झालाय आणि एवढ्यासाठीसुद्धा मी या सिस्टीमला चांगले मार्क देईन.

आता मुख्य गोष्ट. मला कोणी विचारलं की या सिस्टीमचा सगळ्यात मोठा उपयोग काय तर लोकांना वाटतं मी म्हणेन गाडी कुठे आहे ते कळतं. तसं नाहीये. गाडी कुठे आहे हे मला महिन्यातून फारतर एकदा-दोनदा लागतं. मला रोज लागतं ते हे, की या मिनिटाला गाडी कोणाच्या जबाबदारीवर आहे. आमच्या, कस्टमरच्या, का किल्ली दोघांच्या मधे कुठेतरी टेबलावर पडलीय.

जूनमधे काय झालं बघा. स्पीड कॅमेऱ्याची नोटीस आली. इथे नियम असा आहे की गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला १४ दिवसांत पहिली नोटीस पोचायला हवी. आमच्या गाड्या लीजिंग कंपनीच्या नावावर, म्हणजे नोटीस आधी तिकडे, त्यांनी आमचं नाव कळवलं, मग आमच्या नावाने पुन्हा नोटीस, आणि आम्ही २८ दिवसांत सांगायचं की गाडी कोण चालवत होतं. नाव दिलं नाही तर दंड कंपनीला. तर नोटिशीवर वेळ होती दुपारी ४ वाजून ३८ मिनिटं. मी सिस्टीममधून रिपोर्ट काढला, त्यात हँडओव्हर, म्हणजे गाडी कस्टमरच्या ताब्यात दिल्याची वेळ, ३ वाजून ५० मिनिटं. सरळ आहे, गाडी कस्टमरकडे होती. कस्टमर म्हणजे हॉस्पिटलमधे नर्स असलेली एक बाई, रात्रपाळी करणारी, तिला रोज गाडी लागतेच. मी तिच्या नावाचं उत्तर टाइप केलं, प्रिंट काढली, मॅनेजरची सही तेवढी राहिली होती.

सही व्हायच्या आधी मी सवयीने त्या दिवशीचे फोटो उघडले, डॅमेज वगैरे काही वाद नाही ना बघावं म्हणून. हँडओव्हर जिथे करतो तिथे भिंतीवर एक मोठं घड्याळ आहे आणि गाडीच्या मागच्या बाजूच्या फोटोत ते आलं होतं. त्यात पाचला दहा मिनिटं कमी. मी दोनदा बघितलं, मोठं करून बघितलं. रिपोर्टमधे ३:५० आणि घड्याळात ४:५०. सिस्टीम रिपोर्ट काढताना ग्रिनिचची वेळ देत होती, आणि इथे मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळं एक तास पुढे असतात. कस्टमरला ईमेलने जाणाऱ्या पीडीएफवर स्थानिक वेळ बरोबर होती, आमच्या रिपोर्टवर नव्हती. म्हणजे ४:३८ ला ती बाई अजून आमच्या वेटिंग रूममधे बसलेली होती आणि गाडी दुसऱ्या ब्रँचमधून आमचाच ड्रायव्हर घेऊन येत होता.

मला त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही. त्या बाईच्या लायसन्सवर विनाकारण तीन पॉइंट आणि १०० पाउंड दंड लागला असता, पुढची काही वर्षं तिचा इन्शुरन्स वाढला असता, आणि तिने तक्रार केली असती तर आम्ही छातीठोकपणे सांगितलं असतं की बघा बाई, सिस्टीममधे नोंद आहे. बोर्ड आणि मार्करच्या काळात तर कोणाला संशयही आला नसता कारण तिथे फक्त तारीख, त्या तारखेला तिचं आडनाव, विषय संपला. मग गेल्या सहा वर्षांत असं किती जणांचं झालं असेल हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. मी एप्रिलपासूनची सगळी उत्तरं परत तपासली, दोन दिवस लागले, दुसरं काही चुकीचं निघालं नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलं तर पहिलं उत्तर आलं की हे असंच डिझाइन केलंय, रिपोर्टच्या तळाशी टीप आहे. होती खरंच, बारीक अक्षरात. मी सोडलं नाही, आमच्या विभागातल्या बाकीच्या डीलरना फोन करून त्यांनाही सॉफ्टवेअरवाल्यांकडे तक्रार टाकायला लावलं, आणि ऑगस्टअखेर स्थानिक वेळेचा वेगळा कॉलम आला. तुम्ही अशी कुठलीही सिस्टीम वापरत असाल, भाड्याच्या गाड्या, कंपनीच्या गाड्या, शाळेच्या बस, तर आजच एक रिपोर्ट काढा आणि वेळ कुठल्या घड्याळाची आहे ते बघा. भारतात तर साडेपाच तासांचा फरक पडेल, तो निदान लगेच डोळ्यात भरेल. एका तासाचा फरक खरा वाटतो म्हणून जास्त घातक.

टोलचंही हेच. लंडनजवळ डार्टफर्डला थेम्स ओलांडायची तर टोलनाका नाही, कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन पैसे भरायचे. १ सप्टेंबर २०२५ पासून कारला साडेतीन पाउंड झाले, आधी अडीच होते. कस्टमर स्वतःच्या गाडीचं ऑटो पेमेंट लावून ठेवतो आणि विसरतो की आज नंबरप्लेट वेगळी आहे, मग ७० पाउंडाची नोटीस आमच्याकडे. फास्टॅगसारखं काचेवर काही चिकटवलेलं नसतं ना, त्यामुळे तिथे थांबल्यावर आठवण होण्याचा प्रश्नच नाही. सिस्टीममधे आता असं आहे की गाडी त्या भागातून गेली की कस्टमरला मेसेज जातो, आज अमुक ठिकाणाहून गेलात, पैसे भरा. हे फीचर आल्यावर डार्टफर्डच्या नोटिशी जवळजवळ थांबल्यात. लंडनच्या कंजेशन चार्जला, म्हणजे शहराच्या मध्यभागात गाडी नेण्याच्या फीला, मात्र गोंधळ चालू आहे कारण २ जानेवारी २०२६ पासून तो १५ चा १८ पाउंड झालाय आणि इलेक्ट्रिक गाड्यांना असलेली पूर्ण सूट डिसेंबरअखेर गेली, पण सिस्टीमच्या मेसेजमधे अजून इलेक्ट्रिक गाडीला काही भरायचं नाही असंच जातंय. दोनदा कळवलंय. तोपर्यंत मी लंडनला जाणाऱ्या प्रत्येकाला तोंडी सांगते.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. इथल्या सरकारने गाडी कंपन्यांना टक्केवारी ठरवून दिलीय, २०२४ मधे नव्या विक्रीत २२ टक्के शून्य-उत्सर्जन, २०२५ मधे २८, २०२६ मधे ३३, आणि त्यामुळे डीलरकडच्या कोर्टसी गाड्यांमधेही इलेक्ट्रिक वाढल्या. माझ्याकडे ३१ पैकी १३ आहेत. आता विचार करा, सत्तरीचे आजोबा आपली पेट्रोलची गाडी सर्व्हिसिंगला घेऊन येतात आणि त्यांना मी इलेक्ट्रिकची किल्ली देते. गिअर कुठे, आवाज का येत नाही, चार्ज कुठे करायचं. लिंकमधे तीन मिनिटांचा व्हिडिओ असतो, तो बघितल्याची खूण येते पण बघितला असेलच असं नाही. मी स्वतः बाजूला बसून दहा मिनिटं दाखवते आणि ते वाचवायचा विचारही करू नये असं माझं मत आहे. सिस्टीम इथे मदत करते ती अशी की बुकिंग करतानाच विचारते घरी चार्जिंग आहे का, रोज किती मैल, आणि त्यावरून गाडी सुचवते. थंडीत मात्र ती रेंजचा, म्हणजे एका चार्जमधे गाडी किती जाईल याचा, अंदाज जरा जास्तच धरते. डिसेंबरमधे गाडी ४ टक्क्यांवर परत आली, ते कुटुंब शेवटचे वीस मिनिटं हीटर बंद करून, अंगावर कोट घेऊन आलं, मागे लहान मूल. मी माफी मागितली. आता नोव्हेंबर ते फेब्रुवारी सिस्टीमने सांगितलेल्या आकड्यातला पाव भाग मी मनातल्या मनात कमी करते.

आणि चार्जिंगची केबल! गाडीला सिम आहे, सॅटेलाइट आहे, पण केबल डिकीत आहे का नाही हे कोणालाच कळत नाही. पहिल्या चार महिन्यांत आमच्या तीन केबल गेल्या, कोणी चोरल्या नाहीत, घरी गॅरेजमधे राहिल्या आणि नंतर सापडल्या नाहीत. शेवटी आम्ही फोटोंच्या यादीत उघड्या डिकीचा फोटो घातला, जाताना आणि येताना. त्यानंतर एकही गेली नाही.

फोटो तपासणीचं सांगायचं तर सिस्टीम आधीचा आणि नंतरचा फोटो लावून फरक शोधते. चाकाच्या रिमवरचे ओरखडे छान पकडते. पावसाचे थेंब, झाडाची सावली, पक्ष्याची घाण, यालाही नुकसान म्हणते. आमचा व्हॅलेटर, म्हणजे गाड्या धुऊन आतून साफ करणारा, तीस वर्षं हेच काम करतोय, तो हात फिरवून सांगतो हा रंग गेलाय का नुसती मेण लागलीय. त्यामुळे आमच्याकडे नियम केलाय की सिस्टीमने लाल खूण केली तरी त्याने बघितल्याशिवाय कस्टमरला पैशाचं बोलायचं नाही. आधी एकदा बोललो होतो, आणि ती खूण ओल्या पानाची निघाली.

आता एक विषय ज्यावर मी मागे हटणार नाही. सिस्टीम आली तेव्हा डेस्कवरच्या सगळ्यांना सगळ्या गाड्यांचा नकाशा दिसत होता. एका नवीन मुलाने कस्टमर गाडी परत करायला आला तेव्हा सहज विचारलं, कसा झाला वीकेंड, समुद्रावर गेला होता ना? वाईट हेतू काही नव्हता. पण त्या माणसाचा चेहरा मी बघितला. त्याने करारावर सही केली होती, त्यात ट्रॅकिंगचा उल्लेखही होता, तरी माणसाला वाटतं ना आपल्या मागे कोणीतरी बघतंय. मग काही आठवड्यांनी फोन आला, अमुक बाई तुमची गाडी घेऊन गेलीय, मी तिचा नवरा, गाडी आत्ता कुठे आहे सांगा, ती फोन उचलत नाही, मला काळजी वाटतेय. मी नाही सांगितलं. खरंच काळजी असेल तर पोलिसांना फोन करा म्हटलं. तो चिडला, मॅनेजर मागितला. दुसऱ्या दिवशी ती गाडी परत करायला आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की असा फोन आला होता आणि आम्ही काही सांगितलं नाही. ती काही बोलली नाही, माझा हात धरला नुसता. त्या दिवसानंतर मी मॅनेजरकडे लेखी मागणी केली आणि आता आमच्याकडे नकाशा बंद असतो, गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा चोवीस तास उशिरा असेल तरच उघडतो, तेही कारण लिहून, आणि कोणी उघडला त्याची नोंद राहते. ही सोय सिस्टीममधे पहिल्यापासून होती, फक्त कोणी चालू केली नव्हती.

फोन जोडल्यावर गाडीत राहून जाणारे कॉन्टॅक्ट, घरचा पत्ता, हेही त्यातलंच. गाडी परत आली की सिस्टीमवरून एका बटणात पुसता येतं, पण गाडी झोपलेली असेल, म्हणजे बंद करून बराच वेळ झाला असेल, तर ती आज्ञा अडकून राहते. म्हणून आम्ही इग्निशन चालू असतानाच पुसतो. तुम्ही कधीही कोर्टसी कार किंवा भाड्याची गाडी घेतलीत तर परत देताना स्वतः फोन काढून टाका, दुसऱ्यावर सोडू नका.

आपल्या मराठी लोकांसाठी एक गोष्ट. आयटीत नवीन आलेली मुलं येतात, सेकंडहँड गाडी घेतलेली असते, ती बिघडते, आणि मला मराठी बोलताना ऐकलं की चेहरा खुलतो. ताई, पुण्याचं लायसन्स आहे, चालेल ना? कायद्याने भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालवता येतं. पण सिस्टीम डीव्हीएलएच्या कोडशिवाय पुढेच जात नाही आणि भारतीय लायसन्सला तो कोड निघत नाही. वेगळा रस्ता म्हणजे आमच्या इन्शुरन्सवाल्यांना ईमेल, कधी एक दिवस, कधी तीन, आणि बऱ्याचदा उत्तर नाही असंच येतं. मागे एकाची बायको आठवा महिना भरत आलेली, हॉस्पिटलच्या तारखा, आणि मी त्याला गाडी देऊ शकले नाही, शेवटी टॅक्सीचे पैसे डीलरशिपकडून मंजूर करून घेतले. तेव्हा बुकिंग करतानाच फोनवर सांगत जा, दादांनो, की लायसन्स भारतीय आहे. आदल्या आठवड्यात कळलं तर मला काहीतरी करता येतं, सकाळी आठला डेस्कवर कळलं तर नाही. आणि इथे राहायचंच असेल तर इथल्या ड्रायव्हिंग टेस्टची तारीख आत्ताच लावा, महिनोन्महिने मिळत नाही.

कंपनी वरून काय बघते हाही एक त्रास आहे. हेड ऑफिसला आमच्या गाड्या किती वेळ उभ्या असतात ते दिसतं. ऑक्टोबरमधे ईमेल आला, तुमच्या पाच गाड्या वापरात कमी आहेत, परत करा. त्या उभ्या का होत्या? दोन चार्ज होत होत्या, एक धुवायला, एकीचा टायर यायचा होता, एक उद्या सकाळच्या बुकिंगसाठी राखून. सिस्टीमला या सगळ्याला एकच शब्द आहे, रिकामी. मी तीन आठवडे हाताने वहीत लिहून काढलं कुठली गाडी का उभी होती आणि ते पाठवलं, मग दोन गाड्यांवर तडजोड झाली. उलट एक चांगलं पण सांगते, काम संपलं की कस्टमरला आपोआप मेसेज जातो आणि कोर्टसी गाडी लवकर परत येते, पूर्वी लोक तयार झालेली गाडी शुक्रवार ते सोमवार आमच्याकडेच ठेवायचे.

फोनवरून दार उघडायची सोय आहे, किल्लीशिवाय, रात्री उशिरा येणाऱ्यांसाठी. ही शेअरिंगच्या गाड्यांवरून आलेली कल्पना, डाइमलर या जर्मन कंपनीने २००८ मधे तिथल्या उल्म शहरात कारटूगो नावाने असं शेअरिंग सुरू केलं त्या वाटेने. आमच्याकडे फार कोणी वापरत नाही. लोकांना किल्ली हातात हवी असते.

सप्टेंबरमधे आमच्या शेजारच्या सॉलिहलमधे जॅग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला झाला, कारखाने साधारण पाच आठवडे बंद, टाटांची कंपनी त्यामुळे घरीसुद्धा आईने बातमी बघून फोन केला. आमचा ब्रँड वेगळा, आम्हाला थेट काही झालं नाही, पण मी त्याच आठवड्यापासून रोज संध्याकाळी सहाला एक पान प्रिंट करून ठेवते, कुठली गाडी, कोणाकडे, किती वाजता दिली, फोन नंबर. ते पान किल्लीच्या कपाटात कुलपात, दुसऱ्या दिवशी नवीन आलं की जुनं श्रेडरमधे.

फेब्रुवारीत रिन्यूअल आहे आणि मला मत विचारलंय. चालू ठेवा असंच सांगणार आहे, बोर्डाकडे परत जायची माझी तयारी नाही. सोबत यादी देतेय: परदेशी लायसन्ससाठी वेगळा रस्ता, लंडनचा मेसेज दुरुस्त, थंडीतली रेंज खरी दाखवा, उभ्या गाडीचं कारण लिहायला जागा द्या, आणि नकाशा सगळ्या डीलरकडे सुरुवातीपासूनच बंद ठेवा. शेवटचं नाही झालं तर मी बाकीच्या डीलरना परत फोन लावणार आहे.